नवं कॅथेड्रल, तिराना

मी जुन्याच्या शोधात आले होते.
काजळी धरलेले खांब,
पायांनी झिजून मध्ये खोलगट झालेल्या पायऱ्या,
ओल्या दगडाचा तो वास.
आणि समोर हे :
माझ्या धाकट्या मुलाहून लहान कॅथेड्रल.
घुमट गुळगुळीत,
दारातल्या फरशीत आपलेच बूट दिसतात.
कोपऱ्यात आग विझवायचा लाल सिलिंडर
संतांच्या रांगेत, त्यांच्याइतकाच ताठ.

चौकातला कॉफीवाला म्हणाला होता,
"जाऊन या. नवं आहे, पण स्वच्छ आहे."
देवाच्या घराची इतकी नेमकी शिफारस
मी आजवर ऐकली नव्हती.

आत सोन्याचा मुलामा
पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.
संतांचे डोळे टवटवीत.
यांच्यापुढे अजून कुणी
पुरतं रडलेलं नाही, मी मनात म्हटलं,
आणि तिथंच चुकले.

पोलिक्सेनीच्या हातात पत्र्याची पट्टी.
गुडघ्यांवर बसून ती फरशीवरचं मेण खरवडत होती.
तिचं इटालियन चोरून पाहिलेल्या टीव्हीतलं,
माझं फी भरून शिकलेलं.
तिचं चांगलं होतं.

म्हणाली, सदुसष्ट साली कुलपं लागली.
आमच्या गावच्या चर्चात बटाटे भरले.
आई ईस्टरची अंडी रंगवायची, कांद्याच्या सालीत,
रात्री, खिडकीला घोंगडी लावून.
सकाळी शाळेत बाई बोटं तपासायच्या,
म्हणून सोलायची तीच.
टरफलं पुरायचं काम भावाचं, थोमाचं.
त्याची नखं कायम मातीनं भरलेली.
शेतकऱ्याच्या पोराला
मातीचा जाब कोण विचारणार?

मग एका ऑगस्टात थोमा समुद्रात उतरला.
पलीकडे कोर्फूचे दिवे
रोज दिसायचे, शेजारच्या आळीसारखे.

पुढचं वाक्य तिच्याकडे नव्हतं.

"आहेत?" मी विचारलं. म्हणजे, हयात.
तिनं मान हलवली.
इथल्या जुन्या माणसांची मान
आडवी हलली की हो,
वर उचलली की नाही.
तरुणांनी ते उलटं करून टाकलंय,
आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी.
पोलिक्सेनीची मान आडवी निघाली
आणि अर्ध्यातून वर गेली.
मी पुन्हा विचारलं नाही.

मेणबत्त्यांना इथं दोन जागा.
वरच्या वाळूत हयात असलेल्यांच्या,
खालच्या वाळूत गेलेल्यांच्या.
चकचकीत पितळी व्यवस्था.
रविवारी ती एक विकत घेते,
इथलीच नोकर असून पेटीत पैसे टाकते,
पेटवते,
आणि दोन्हींच्या मध्ये उभी राहते.
हातातच धरते, संपेपर्यंत.
मेण मनगटावरून खाली,
दर वेळी त्याच फरशीवर.
सोमवारी येऊन आपणच खरवडते.

"डाग राहतो," म्हणाली,
थोडं अपराधी, थोडं नाही.
"फादर म्हणतात, संगमरवर महागाचा आहे."

मी वाकले.
पिवळसर, नाण्याएवढा.
बोट फिरवलं तर जागा किंचित
खोलगट लागली,
की मलाच तसं हवं होतं.

तिनं पट्टी पदरासारख्या एप्रनला पुसली.
"तुमच्याकडे जुनी असतील ना, देवळं?
खूप जुनी?"

मी मान हलवली.
कशी, ते आता आठवत नाही.
ती मात्र समजल्यासारखं हसली
आणि पुढच्या फरशीकडे सरकली.