खालची कड

गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात भलतंच: कीथली.
गिरण्या गेल्या, धुराडी राहिली,
आणि चढावरच्या या शाळेत, प्रयोगशाळेच्या मागल्या खोलीत
मी सव्वासातपासून परीक्षानळ्या मोजत असते.
मुलं मला मिसेस के म्हणतात.
कारखानीस त्यांच्या तोंडात मावत नाही.

आज सोमवार. आठवीचा वर्ग, अन्नघटकांची चाचणी.
दहा ट्रे. दर ट्रेमध्ये उकडलेला बटाटा,
अंड्याचं पांढरं, सफरचंदाचा रस,
पावाचे सहा चौकोन
आणि आयोडीनची छोटी बाटली,
दहा मिलिलिटर, मी स्वतः भरलेली.

ॲक्रॉइड सर दारातच बजावतात,
"इथलं काहीही तोंडात जाणार नाही!"
मला हसू येतं.
मिरजेला बी.एस्सी.ला आम्ही पिपेट तोंडानं ओढायचो.
एकदा चुन्याची निवळी घशापर्यंत आली होती,
ती चव अजून कधीमधी जिभेवर येते,
उगाच, बसची वाट बघताना.

हारून मोजपात्र उजेडाकडे धरतो, लग्नातल्या सरबतासारखं,
आणि ओरडतो, "चोवीस!"
खाली ठेव बाळा. पात्र उचलायचं नाही,
आपण वाकायचं.
पाणी काचेला धरून कडेनं वर चढतं,
मध्ये मात्र खोल असतं.
वाचायची ती खालची कड,
डोळा अगदी तिच्या रेषेत आणून.
तो वाकतो. बावीस.
"मग वरचे दोन कुठे गेले?" विचारतो.
ते नव्हतेच रे.

घरी मी आमटीत मीठ चिमटीनं टाकते
आणि कधी चुकत नाही. हे त्याला सांगत नाही.

तास संपतो. रस तापवून विटकरी झालेला,
अंड्याच्या नळीत फिकट जांभळं,
बटाट्यावर शाई सांडल्यासारखं निळंकाळं.
सगळं ठरल्याप्रमाणे.
चार नंबरचा ट्रे धुवायला घेते.
पावाची बशी रिकामी, कोरडी, पांढरी.
वहीत टेगन हर्स्टचं तिरपं अक्षर:
पाव, निळा-काळा झाला, स्टार्च आहे.

आयोडीनची बाटली मोजपात्रात रिकामी करते.
वाकते.
दहा.
खालची कड बरोब्बर दहावर.

गेल्या सोमवारीही दहाच होती.
त्याआधीच्या सोमवारी मी पाहिलं नव्हतं,
माझे गुडघे दुखत होते.

शुक्रवारी दुपारी शाळेचं जेवण संपतं
ते सोमवारी दुपारपर्यंत किती तास होतात,
हे मी बसमध्ये बोटांवर मोजते,
मग पुन्हा मोजते, उत्तर तेच.

सामानाच्या मागणीपत्रावर लिहिते:
मोठा पाव, एकाऐवजी दोन.
कारणाच्या रकान्यात: नमुने वाया जातात.
ॲक्रॉइड सर चष्म्यावरून माझ्याकडे बघतात,
वाटतं, आता विचारतील.
ते पेनचं टोपण शोधतात आणि सही करतात.

आता सोमवारी माझ्या खोलीच्या खिडकीत
(ही प्रयोगशाळा नव्हे, मी नियम दोनदा वाचलेत)
घरून आणलेला एक डबा असतो,
घरच्या सुरीनं कापलेला पाव, लोणी, थोडं चीज.
झाकणावर चिठ्ठी, ठळक अक्षरात:
तुलनेसाठीचा नमुना. ट्रे क्रमांक चार.
आयोडीन घालू नये.

पहिल्या सोमवारी डब्याला कुणी हात लावला नाही.
टेगन माझ्याकडे बघायची टाळत होती
आणि बशीतला पाव शहाण्यासारखा निळाकाळा झाला होता.
वाटलं, घालवलं मी सगळं.

दुसऱ्या सोमवारी डबा हलका लागला.
उघडला.
आत नीट ओळीनं लावून ठेवलेल्या
पावाच्या चार कडा.

कडा खायच्या नाहीत म्हणे बाईसाहेबांना!
मी उभ्याउभ्या त्या खाल्ल्या,
आणि परीक्षानळ्या मोजायला बसले.