निवळी

दूध फाटलं की उरते ती निवळी.
चीजच्या कारखान्यात ती रोज उरायची,
चाळीस हजार लिटर,
आणि रात्रपाळीला झडप उघडायचा मान माझा.
चाक डावीकडे, साडेतीन फेरे.
खाली अंधारात हौकीयार्वी घटाघटा प्यायचं.
आम्ही म्हणायचो, दूधच तर आहे,
दुधानं तळ्याचं काय वाईट होणार?

एकवीस वर्षं.
आधी ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरवी साय धरली.
मग वाल्मारीचे दोन्ही कुत्रे पाणी पिऊन मेले.
मग पोहायच्या धक्क्यावर पाटी लागली
आणि ती वाचायलाही कोणी येईना.
लेम्पी, माझी बायको, सौनातून वाफाळत निघायची
आणि तळ्याऐवजी बादलीत उभी राहायची.
हसायची,
माझ्याकडे न बघता.

कारखाना बंद पडला तो तळ्यासाठी नव्हे,
चीज दुसरीकडे स्वस्त झालं म्हणून.
तळं होतं तसंच राहिलं.
आमच्या सगळ्या रात्री गाळात साठून होत्या,
दर उन्हाळ्यात वर यायच्या.

विद्यापीठातून आउरा आली, गुडघ्यापर्यंत बूट चढवून.
म्हणाली, आधी मासे काढा.
तळं वाचवायला मासे मारायचे?
मारायचे. हे बारीक चंदेरी रोच
पाणपिसवा खातात,
पाणपिसवा शेवाळ खातात,
पिसवा उरल्या तर शेवाळ हटेल.
हिशेब सरळ होता, हात वळत नव्हते.
तीन पानगळी आम्ही जाळं ओढलं,
पेन्शनीतली माणसं, चर्चच्या पाद्रीणबाई, आठवीची मुलं.
एकशे दहा टन.
धक्क्यावर ढीग बराच वेळ हलत राहायचा
आणि कोणी बोलायचं नाही.
गावातली मांजरंसुद्धा विटली.

झडपेचं मला कोणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
जाळं जरा जास्त जोरात ओढायचो,
एवढंच.

आउराची पाणी मोजायची तबकडी पहिल्याच आठवड्यात बुडाली,
म्हणून मी घरून ताटली नेली,
लेम्पीची, पांढरी, कडेचा टवका उडालेली.
मधोमध भोक पाडलं, दोरी ओवली.
पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरी मोजायची.
पहिल्या वर्षी चाळीस सेंटिमीटर,
म्हणजे माझ्या कोपराएवढी.
दुसऱ्या वर्षी सत्तर.
पाणी निवळतंय, म्हणाली आउरा.
त्या शब्दाला मी अजून दचकतो.
चौथ्या वर्षी एक मीटर दहा,
पण तेव्हा लेम्पी नव्हती.
मार्चमध्येच गेली, तळ्यावर बर्फ असताना.

आता नगरपालिकेनं हंसाच्या आकाराच्या
पायडल होड्या आणल्यात, तासाला बारा युरो.
खरे हंस पलीकडे बोरूत,
तिथे दोरखंड बांधलाय, जुलैपर्यंत जायचं नाही.
गालिचे धुवायचा कट्टा काठावरून वर सरकवला,
साबण तळ्यात नको म्हणून.
हेल्वी त्यावरून अजून भांडते:
नळाखाली धुतलेल्या गालिच्याला
उन्हाळ्याचा वास येत नाही.
तिचंही खरंच आहे.
हॅम्बुर्गच्या एका जोडप्यानं मला विचारलं,
इथलं पाणी पहिल्यापासून असंच आहे का?
मी म्हटलं,
होडी सहाच्या आत परत आणा.

आज नात आलीय, पिह्ला.
होडीच्या कडेवर पालथी पडून खाली बघतेय.
मी दोरी सोडतो,
मनगट आपोआप डावीकडे वळतं, जुनी खोड.
दोन मीटरला ताटली माझ्यापुरती विरघळते.
मोतीबिंदू आहे, ऑपरेशन नोव्हेंबरात.
"गेली," म्हणतो मी, आणि वही उघडतो.

"नाही गेली. थांब ना.
टवकासुद्धा दिसतोय."

मी वही मिटतो.
दोरीची एक गाठ तळव्यातून सरकते,
मग आणखी एक, ओली, गार.

"अजून?"

"अजून."