दगड जिथून काढला

पुलावर एका वेळी एकच गाडी मावते,
म्हणून तुम्ही येताना लांबूनच दिसता.
तेवढ्यात मी शर्ट बदलतो, तोंडातला पाव गिळतो
आणि सनावळ्या एकदा पुटपुटून घेतो.

मी अमिसी. अर्ध्या दिवसाची फेरी.
पैशांचं मागाहून बघू,
आधी भिंतींना सावली आहे तोवर चालू या.

ह्या बेटाचं नाव मोझांबिक.
तेच पुढे देशाला दिलं.
देश केवढा झाला बघा,
बेट आहे तेवढंच राहिलं.

हा किल्ला. तोफेवर बसू नका, चटका बसेल.
डच आले होते. किल्ला पडला नाही,
तेव्हा जाता जाता गाव जाळून गेले.
हे मी नेहमी ह्याच पायरीवर सांगतो,
इथे वारा लागतो, माणसं ऐकून घेतात.
टोकाला ते जुनं चॅपल.
फरशीखाली कोण निजलंय, अक्षरं झिजून गेलीत.
मी मनाने नावं जोडत नाही,
एवढा प्रामाणिकपणा धरून चाला.

आणि हे टाकं.
गच्चीवरचं सगळं पाणी इथे उतरतं.
‘आत खडे टाकू नयेत’ असं पाटीवर लिहिलंय.
काठावरच्या ह्या खाचा दोराच्या.
फोटो काढा खुशाल,
पण कुठल्या राजाच्या नव्हेत त्या.
त्यांतली एखादी माझ्या आईची, आतिजाची आहे.
वीस लिटर डोक्यावर, मी पाठीला बांधलेला.
तेव्हा दारात तिकीट नव्हतं.

राजवाड्यात पालखी आहे, खुर्चीची, दोन दांड्यांची.
कोण बसायचं, हे सगळे विचारतात.

ओहोटी लागली की किनाऱ्यावर बायका दिसतील,
चाळण्या घेऊन वाकलेल्या.
वाळूतून मणी निघतात,
तांबडे, निळे, एखादा पिवळा,
बुडालेल्या जहाजांतले.
कशाला आणले होते विचाराल, तर
मणी मोजून द्यायचे
आणि माणसं मोजून घ्यायची.
हे मणी पोचलेच नाहीत.
माझी बहीण झैनाबो ते ओवते.
एका माळेत दोन दिवसांचा तांदूळ येतो.
घासाघीस करा, तिला आवडते. हरणार तुम्हीच.

इथे फेरी संपते.
म्हणजे कागदावर संपते.

परवा बेइराच्या एक मास्तरीणबाई होत्या, दोना ऑदेत.
छत्री उन्हासाठी, वही कशासाठी कोण जाणे.
त्या थांबल्या. म्हणाल्या,
रस्ता इथून खाली का उतरतो?
डोंगर नाही, ओढा नाही, मग हा उतार कसला?

मी म्हटलं, बाई,
तुम्ही सकाळपासून ज्या भिंती बघितल्या
त्यांचा दगड इथून काढला.
उरलेल्या खड्ड्यात आम्ही राहतो.
झावळ्यांची छपरं रस्त्याच्या पातळीला येतात,
बकरी चुकली की थेट कुणाच्या तरी छपरावर.

मग त्यांना घरी नेलं. का नेलं, सांगता येत नाही.
आई अंगणात होती, गालांना पांढरा लेप लावलेला.
गुडघे गेल्यापासून ती वर चढत नाही.
माखुवात तिने मला विचारलं,
ह्यांनी किल्ला पाहिला?
पाहिला.
टाकं?
तेही पाहिलं.
पाणी किती आहे?

मी रोज तिथे जातो.
दिवसातून दोनदा, मोसमात तीनदा.
खाचा दाखवतो, पाटी दाखवतो.
मला सांगता येईना.

काय विचारतायत, बाईंनी विचारलं.
मी पोर्तुगीजमध्ये सांगितलं.
बाई जरा ओशाळल्या, वही मिटली, म्हणाल्या,
पाठ वळवली होतीत तुम्ही,
मी एक खडा टाकला होता.
आवाज फार उशिरा आला.

ते मी आईला सांगितलं, जसंच्या तसं.
आईने डोळे मिटले,
जणू आत्ता कुठे तो खडा तिच्या कानात पडत होता.
मग म्हणाली, कमी आहे तर.
आणि बाईंना बसायला चटई सरकवली.