किंचित उजवीकडे

सोहारच्या तिसऱ्या राउंडअबाउटला
मांजर आडवं आलं आणि मी उजवीकडे घेतली.
मांजर वाचलं.
फुटपाथच्या कडेचा दगड, काळा-पिवळा, वीतभर उंच,
जागचा हलला नाही.
आवाज असा, की ओट्यावरून वरवंटा पडावा
आणि खालच्या घरातल्यांनी सकाळी काही विचारू नये.

पेट्रोल पंपाच्या उजेडात थांबले.
हवा होती टायरात.
रिमला मात्र पिवळा रंग, हळदीच्या बोटासारखा.
ओढणीला थुंकी लावून पुसला. निघाला नाही.
टायर आणि पत्र्याच्या फटीत बोटं घालून पाहिली :
डावीकडे चार मावली, उजवीकडे साडेतीन.
साडेतीन म्हणजे किती बिघडलं
हे ड्रमच्या टेस्टला मला तीनदा नापास करताना
कुणी शिकवलं नव्हतं.

फलजच्या रस्त्यावर, साठाच्या वेगात, हात सोडले.
एक. दोन. तीन म्हणेपर्यंत
गाडी झुकू लागली समुद्राकडे.
समुद्रापलीकडे गाव आहे वगैरे मी म्हणणार नाही.
लोखंड वाकलंय, एवढंच.

हेरंब पोर्टावर, रात्रपाळीला.
रात्रभर मी वाक्यं जुळवली.
आपोआपच ओढायला लागली रे.
स्पीड ब्रेकर दिसलाच नाही.
पहाटे एकही धड उभं राहीना.
तो येऊन झोपला तशी चावी उचलली. शनिवार, शाळा नव्हती.

सनायात मुनाफ परकार, मूळचा दापोलीकडचा.
एका हातात चहा, दुसऱ्याने बॉनेट दाबून म्हणाला,
"बगा टीचर, दाबायची नि सोडायची.
वर येऊन गप बसली तर शॉक शाबूत.
नाचत राहिली तर गेला."
मीही दाबली. सकाळी नऊलाच पत्रा तव्यासारखा.
गाडी वर आली, थबकली, बसली.
मी पलंगावर याहून जास्त उसळले होते.

मग तो फळीवर निजून आत सरकला,
चपला तेवढ्या बाहेर.
पान्ह्याची टकटक, आणि विहिरीतून यावा तसा आवाज :
"उजवा लोअर आर्म वाकलाय. टायरॉडचं तोंड ढिलं.
शॉकमधनं तेल नाय, नशीब.
डावा फस्क्लास. डावा तर मीच टाकला,
रमजानच्या आधी, सायबांनी डिवायडरवर चढवली तेव्हा..."

टकटक थांबली.
चपला हलल्या नाहीत.

"हे बोलायचं नव्हतं मी."

रमजानच्या आधी.
म्हणजे तेव्हा, जेव्हा तो म्हणाला ऑइल बदलायला टाकलीय
आणि चार दिवस कंपनीच्या बसने गेला.
ऑइलला चार दिवस? मी विचारलं होतं.
कांदा चिरत होता. चिरतच राहिला.

तेवीस रियाल. अलाइनमेंटचे पाच वेगळे.
मशीनच्या पडद्यावर चार चाकं
हिरवी व्हायची वाट बघत मी स्टुलावर.
तीन झाली. चौथं लाल,
मग हिरवं, मग परत लाल.
"सायबांना काय सांगू?"
"ऑइल बदललं," मी म्हटलं.

बुधवारी पाहिलं तर
रिमवरचं हळदीचं बोट कुणीतरी घासून काढलेलं.
मी नाही.

शुक्रवारी सल्लानच्या किनाऱ्याला निघालो,
तो चालवत होता.
सरळ रस्त्यावर मध्येच त्याने हात सोडले.
एक. दोन. तीन.
गाडी नाकासमोर चालली.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
मी खिडकीतून खजुरीची झाडं मोजत होते.
पुढे राउंडअबाउट आला, तिसरा,
आणि दोघांनीही, एकाच वेळी,
पाय आखडून घेतले.