वाटांची वही

रात्री साडेअकराला फोन: चोर्ल्याला दरड आलीय.
सिद्दाप्पा बोलतोय, अर्धं कन्नड, अर्धं मराठी,
मागं कुणाचा तरी हॉर्न आणि पाण्याचा आवाज.
मी म्हणते, आयतु. गाडी फिरव. जांबोटीला थांब.
आणि वही उघडते.

सासऱ्यांच्या वेळी ही वही नव्हती.
त्यांची एकच वाट, एकच गाडी,
म्हापशात एकच घेणारा
आणि गाडीपुढं फोडायला रोज एक नारळ.
तेवढ्यावर बावीस वर्षं चाललं.
चाललं म्हणून ते त्याला भक्कम म्हणायचे.
मग एका श्रावणात घाट नऊ दिवस मिटला,
कोथिंबीर गोणीतल्या गोणीत तापली,
हात घातला तर पोळावा इतकी,
आणि काळी पडली.
बेळगावच्या मार्केटात आमचा गाळा महिनाभर वासावरनं सापडायचा.

पहिलं पान त्या वासाचं.
त्यावर लिहिलंय: अनमोड. रामनगरचा पंक्चरवाला रात्री जागा असतो.

दुसरं पान बंदचं.
कोगनोळीला गाड्या अडल्या,
एमएच पाटीला अलीकडं काळं, केए पाटीला पलीकडं.
कांदा अंधारात या हौद्यातून त्या हौद्यात गेला
सिद्दाप्पाच्या आणि निपाणीच्या रावजीच्या पाठीवरून.
आता ते एकमेकांच्या पोरांच्या बारशाला जातात,
आणि बंद असो नसो,
बुधवारची गाडी नाक्यावर हात बदलते.
सवय राहावी म्हणून.

यमगर्णीपाशी वेदगंगा हमरस्त्यावर चढली
त्या आठवड्यानं किणयेच्या बायका दिल्या,
ज्यांच्या माळ्यावर कांदा असतो
हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

माझा मुलगा पुण्यात शिकून आलाय.
त्यानं सगळ्या वाटा पडद्यावर मांडल्या,
म्हणाला, आई, एकच लागते, तीनांचा खर्च फुकट.
मी म्हटलं, बरं. मग उद्या सगळ्या गाड्यांच्या स्टेपन्या विक.
तो हसला नाही.
त्याला अजून एक श्रावण द्यावा लागेल.

दर दुसऱ्या मंगळवारी मीच सांगते: आज चोर्ला बंद.
दरड नाही, मोर्चा नाही,
टळटळीत ऊन पडलंय, तरी बंद.
ड्रायव्हर माझ्या माहेरचा उद्धार करतात
आणि आंबोलीनं जातात,
येताना एखादं नवं नाव आणतात,
एखादा मेकॅनिक, एखादा मोठं अंगण असलेला,
एखादा पूल जो नकाशाला ठाऊक नाही.
गेलं वर्ष सुरळीत गेलं.
मला झोप येत नव्हती.

सतरावं पान मी फारसं उघडत नाही.
तिलारीचा घाट आम्ही कसा शिकलो ते त्यावर आहे.
धुकं, ब्रेक, भरमा कडोलकर.
त्यानंतर नियम केला:
तिलारीला सहाचाकी नाही, रात्री दोननंतर नाही.
नियम चांगला आहे.
तेव्हापासून एकही गाडी गेली नाही.
भरमाचा डावा पाय गुडघ्यापाशी संपतो.
तो काट्याजवळ स्टुलावर बसतो, वजनं वाचतो.
एकदा म्हणाला,
वैनी, मार खाऊन खाऊन तुमचा धंदा गब्बर झाला की.
हसतच म्हणाला.
मी त्याचा पगार वाढवला.
मार कुणी खाल्ला,
ते लिहायला त्या पानाखाली चार ओळी मोकळ्या सोडल्यात.
अजून मोकळ्याच आहेत.

जांबोटीला सिद्दाप्पा इंजिन बंद करून बसलाय.
मेथी मागं श्वास घेतेय, म्हणजे तापतेय.
मी वही पुढं सरकवते. भरमा बघत नाही,
त्याला लागत नाही.
खानापूरवरनं अनमोड, म्हणतो,
आणि ताडपत्री एका बाजूनं उचलून ठेवायला सांगा,
वारा जाऊ दे.

दोन तास उशीर होईल.
म्हापशात सकाळी जुड्या सुटतील,
कुणी तरी पिवळी पानं काढून टाकील
आणि भाव करील.