इतिवृत्तात न घेतलेलं

बैठक नववी. फेब्रुवारी, उणे एकवीस.
कोइवुयार्वी नगरपालिकेचे अकरा सभासद, कॉफीची एक किटली,
आणि ओउलूहून आलेली इल्मी,
बिनचालकाची बस समजावून सांगायला.

मी इतिवृत्त लिहितो. मला मत नाही.
लिहिलं : बसला सहा डोळे, सहाही तेल घातलेले.
लिहिलं : रस्त्याकडेचा पांढरा पट्टा तिला दिसावा लागतो.

इथे रेइयो खाकरला.
तीस हिवाळे बर्फाचा नांगर चालवतोय तो.
म्हणाला, पट्टा नोव्हेंबरात गाडला जातो,
मग आमची गाठ एकदम मे महिन्यात.

हशा. (लिहिला नाही.)

इल्मी हसली नाही. तिनं विचारलं,
मग तुम्हाला रस्ता कसा कळतो?
असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.
त्यानं साखरेचं भांडं टेबलावर उपडं केलं
आणि बोटानं रेघ ओढत गेला :
हा लाइतिनेनांचा बर्च, इथून हातभर डावीकडे,
या टपालपेट्या, इथे नांगर उचलायचा,
इथे वारा बर्फ परत आणून टाकतो, भांडायचं नाही.
अध्यक्ष तुइरेबाई चष्मा पुसून वाकल्या.
याच रस्त्याच्या खर्चावर
त्यांनी वीस वर्षं सह्या केल्यात.

मग कुणीतरी आउनेचं नाव काढलं.
शेवटचा थांबा, वय चौऱ्याऐंशी.
ती थांब्यावर नसली की ओइवा बस उभी करायचा,
उतरून दार वाजवायचा.
हे तुमच्या यंत्राच्या कुठल्या कलमात बसतं?

इल्मी म्हणाली, कुठल्याच नाही.
आणि आता कोण वाजवतं?

ओइवा सप्टेंबरात निवृत्त झाला.
जाहिरात तीनदा दिली. अर्ज शून्य.
आकडा मला पाठ होता, कुणी विचारला नाही.
किटलीतली कॉफी संपल्याचं
सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

ठराव : विषय पुढील सभेत.
तोवर प्रत्येक सभासदानं
पहाटे चारला रेइयोशेजारी बसून एक फेरी मारावी.
पाहुण्या बाईंनीही, बूट मिळाल्यास.
सूचक तुइरेबाई. अनुमोदन नाही,
पण बुटांचा नंबर तिघांनी विचारला.

सगळे गेल्यावर टेबलावर
आमचा रस्ता राहिला होता, माझ्या बाजूनं उलटा.
आउनेच्या घरापाशी रेइयोच्या बोटाचा
जरा खोल ठसा.

साखर मी पुसली.
सहाला तिथे शिवणवर्ग असतो.