लेखकास प्रश्न

अंबडला, बेअरिंगच्या कारखान्यामागे, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही जगाचं ज्ञान सरळ करतो.
म्हणजे स्वल्पविराम, तळटीपा, तक्त्यांच्या रेघा.
पानाला अकरा रुपये, दिवसाला साठ पानं.
यकृत, उपग्रह, नॉर्वेचे मासे
माझ्या बोटांखालून जातात
नि हाताला वासही लागत नाही.
मी ऑपरेटर चारशे सतरा.

मंगळवारी कंपनी विकली गेली.
लक्झेंबर्गच्या कुठल्याशा फंडानं घेतली म्हणे.
एचआरच्या केतकीनं पेढे वाटले,
पडद्यावरच्या माणसानं ‘नॅशिक’ म्हणून हात जोडले,
आणि टाळ्या विरायच्या आत साठाची पंचाहत्तर झाली.
भाव अकराच.

बुधवारी रांगेत एक लेख आला:
गोवर्धनच्या विणकर श्रेणी आणि व्याजाचा दर.
लेखक रेवणनाथ खैरनार, नाशिक.
सर.

खिडकीत तो डोंगर होताच.
लोकांचा पांडवलेणी, आमच्या घरात त्रिरश्मी.
दहाव्या लेण्याच्या ओवरीत सर छत्री टेकवून उभे राहायचे:
‘शक राजाचा जावई. बाहेरचा माणूस.
तीन हजार कार्षापण ठेवले इथल्या विणकरांकडे.
दोन हजार शेकडा एकनं, हजार शेकडा पाऊणनं, दरमहा.
मुद्दल परत मागायचं नाही,
व्याजातून भिक्खूंना चीवरं.
परकीय गुंतवणूक, लिहून घ्या.
आता मला सांगा, विणकरांची नावं कुठायत?’

अकराव्या पानावर तोच प्रश्न होता,
इंग्रजीत, जरा दमलेला.

सोबत हक्क सोपवल्याचा फॉर्म.
लेख सगळ्यांना खुला हवा तर चोवीसशे डॉलर,
बंद चालत असेल तर फुकट.
सरांनी ‘बंद’वर खूण केलेली,
सही हजेरीपटावरच्यासारखीच उताराला लागलेली.
खाली विनंती: एक प्रत मिळेल का,
आमच्या कॉलेजनं वर्गणी थांबवली आहे.

आम्ही लेखकाला प्रश्न विचारू शकतो,
नाव सांगू शकत नाही.
प्रश्न चार: ‘पाऊण’ की ‘पाव’? कृपया खात्री करावी.
उत्तर रात्री अकराला:
पाऊण. दगडावर पाऊणच आहे, मॅडम किंवा सर.

शेवटी आभार.
ठसे घेताना शिडी धरणारे विद्यार्थी, पाच नावं,
पाचवं विशाखा पगार.

पगारे, सर.
इंग्रजीतला शेवटचा ई गळाला
आणि माझा महिन्याचा हिशोब झाला.

प्रश्न नऊ: आडनावाचं स्पेलिंग बरोबर आहे का?
बरोबर आहे. हुशार मुलगी होती.
सध्या कुठे असते, माहीत नाही.

तो ई मी घातला.
दोन खुर्च्यांपलीकडून इरफाननं पकडला,
त्याचंही कामच ते.
अनधिकृत बदल, एक. चाळीस रुपये कापले.
पुढे फाईल मनिलाला गेली,
तिथं कुणी तो ठेवला की काढला,
कळवायची पद्धत नाही.

लेख छापून आला. पहिलं पान दिसतं.
आभार शेवटच्या पानावर, कुलपाआड,
एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांसाठी.
साडेतीनशे पानांच्या आसपास पडतं ते मला.
तरी मी कार्डाचा नंबर अर्ध्यापर्यंत भरला होता.

रविवारी डोंगर चढले.
पायथ्याला तिकीट काढलं, पंचवीसचं.
शिडी जिथं टेकवली होती ती फरशी अजून उचकटलेली.
ब्राह्मी मला आता चार-पाच अक्षरं येते.
‘ए’ची मात्रा मात्र विसरले नव्हते:
अक्षराच्या माथ्यावर डावीकडे ओढलेली बारीकशी रेघ.
अशा बऱ्याच आहेत. कुणी काढल्या नाहीत.
विणकरांची नावं नाहीत,
ती तेव्हाही नव्हती.

‘हात लावू नये’ अशी पाटी आहे.
नाही लावला.
मोबाईलवर फोटो काढला, तो हलला,
आणि मग सरांना काय लिहावं
हे ठरवत पायऱ्यांवर बसून राहिले,
पाच वाजता शिपायानं शिट्टी मारेपर्यंत.